पातळ भिंत आणि पगारी दुखणी

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात. प्रत्यक्ष घालायचा तर फरशी आधी पुसावी लागेल, आणि पुसायचं फडकं कुठल्या खोक्यात गेलं ते अजून सापडलेलं नाही). तुझी कंबर कशी आहे? मोतीबिंदूचं काय झालं, की डॉक्टर अजून 'पिकू द्या, पिकू द्या' म्हणून तुला ताटकळत ठेवतायत? काकांचा खोकला गेला असेल तर उत्तम. गेला नसेल तर निदान त्यांनी तो फोनपासून लांब ठेवावा. मागच्या वेळी आपण बोललो तेव्हा निम्मा वेळ ते खोकत होते आणि उरलेला निम्मा वेळ तू 'हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?' करत होतीस, त्यात माझी हकिकत राहिली ती राहिलीच. म्हणून हे पत्र. मी इकडे खुशाल आहे. 'खुशाल' हा शब्द मी पूर्ण विचार करून लिहिला आहे, कारण मध्यंतरी अख्ख्या इमारतीची अशी पक्की समजूत होती की माझे दिवस भरले. ते कसं, ते सांगते. तू चष्मा लाव आणि निवांत बस.

तर घर मिळालं, मावशी! माझं, एकटीचं, भाड्याचं का होईना पण कुलूप-किल्लीचं. दादाच्या हॉलमधल्या सोफ्यावर मी किती काळ काढला ते तुला ठाऊक आहे. दादा चांगला आहे, वहिनीही चांगली आहे, सोफा मात्र मनाने वाईट होता. शिवाय टीव्ही बंद होईपर्यंत झोपता येत नसे, आणि टीव्ही बंद होई तो दादाची झोप झाल्यावर. एजंटने घर दाखवताना सांगितलं होतं की घर हवेशीर आहे, शांत आहे आणि इमारतीतली माणसं अगदी एकमेकांना धरून आहेत. राहायला गेल्यावर कळलं की हवेशीर म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी लागत नाही, शांत म्हणजे दारावरची बेल वाजत नाही, आणि माणसं एकमेकांना धरून आहेत म्हणजे मधल्या भिंती पातळ आहेत. किती पातळ? शेजारच्या घरात कुणी जांभई दिली की मला झोप येते. न्हाणीघराचं दार आणि झोपायच्या खोलीचं दार यांचं आपसात वैर आहे. दोन्ही एकाच वेळी उघडत नाहीत, त्यामुळे आंघोळीला जाताना आधी एकाची समजूत घालावी लागते. दारामागच्या एका बटणाने माझ्या घरात काहीच लागत नाही, पण ते दाबलं की खालच्या जिन्यातून कुणीतरी 'अहो लाइट!' असं ओरडतं. आणि लिफ्ट! लिफ्टला मूड आहे. मूड नसला की ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबते आणि विचार करते. पण संध्याकाळी या घराचं दार आतून लावून घेतलं, पहिल्यांदा फरशीवर पाय पसरून बसले, आणि कुणालाही 'सरका जरा' म्हणावं लागलं नाही, तेव्हा मला काय वाटलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही.

आता नोकरी. इथे तू चष्मा काढलास तरी चालेल, कारण बघण्यासारखं फारसं काही नाही. छापखान्यातलं हिशेबाचं काम छापखान्याबरोबरच संपलं हे तुला माहीत आहे. तेव्हापासून मी अर्धवेळ आहे. कुणी विचारलं 'काय करतेस?' तर 'अर्धवेळ' असं उत्तर देते. अर्धवेळ काय, हे विचारायच्या आत विषय बदलते. मोठ्या दुकानाच्या दाराशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर अत्तर फवारायचं काम केलं (एका गृहस्थांना इतकी जोरात शिंक आली की त्यांचा दात हलला, आणि माझी जागाही हलली). पंख्याबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांतल्या चुका सुधारायचं काम केलं. त्या कंपनीने पुढे माहितीपत्रकं देणंच बंद केलं. पंखा कसा लावायचा हे माणसाने आता आपापलं ओळखायचं असतं.

आणि मग मेडिकल कॉलेजातलं काम मिळालं. हे नीट वाच, कारण यातच सगळं आहे. तिथे डॉक्टरकीच्या मुलांच्या परीक्षेला नकली पेशंट लागतात. खरे पेशंट परीक्षेला चालत नाहीत, कारण खरा पेशंट प्रत्येक मुलाला वेगळी कहाणी सांगतो आणि कंटाळला की उठून घरी जातो. म्हणून माझ्यासारख्यांना आजार पाठ करायला देतात. कुठे दुखतं, कधीपासून, कशाने वाढतं, विचारल्याशिवाय काय सांगायचं नाही, सगळं ठरलेलं. मी खोलीत पलंगावर पडायचं. घंटा झाली की एक विद्यार्थी आत येतो, मी कण्हते, तो प्रश्न विचारतो. पुन्हा घंटा झाली की तो जातो, मी लगेच बरी होते, घोटभर पाणी पिते, आणि पुढचा आला की पुन्हा तीच कळ त्याच जागी. कोपऱ्यात परीक्षक बसलेले असतात. परीक्षा झाली की मलाही विचारतात, 'हा मुलगा तुमच्याशी कसा वागला?' मावशी, आयुष्यात पहिल्यांदा मी तक्रार केली आणि समोरच्याने ती शांतपणे ऐकून घेतली! काम मला इतकं आवडलं की विचारू नकोस. एकच वांधा होता, की परीक्षा असली तर काम. नसली की सकाळी फोनवर दोन शब्द येणार, 'आज नको.' रोज सकाळी आज आपण आजारी आहोत की नाही, हे दुसऱ्याने कळवायचं. असा माझा कारभार.

आता ही भूमिका (मी भूमिकाच म्हणते) चांगली वठवायची तर घरी तालीम हवी. आणि घरी भिंत पातळ. तुझ्या लक्षात आलंच असेल. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे अपेंडिक्स होतं. मी खोक्यांच्या मधोमध आडवी पडून मनापासून कण्हत होते, उजव्या कुशीवर, मग डाव्या, मग गुडघे पोटाशी घेऊन. आतून कुणीतरी आतडं पिळतंय असं वाटलं पाहिजे, असं आमच्या विभागप्रमुख बाई सांगतात. माझं पिळणं रंगात आलं असताना दारावर थाप पडली. थाप कसली, पोलिसांची धाड! उघडते तर समोर शेजारच्या बाई. ठेंगण्या, ताठ, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिट्टी निवृत्त झालेली नाही. (मी मनात त्यांना शिट्टीबाई म्हणते. परवा चुकून तोंडावर म्हणाले. 'चालेल,' म्हणाल्या.) मी 'अहो, मी नुसती...' एवढंच म्हणाले आणि माझ्या तोंडात थर्मामीटर गेला. थर्मामीटर तोंडात असताना माणसाला खरं बोलता येत नाही, हे तुला मान्य असावं.

'ताप नाही,' त्या म्हणाल्या, 'म्हणजे दुखणं आत आहे.' आणि गेल्या. पाच-दहा मिनिटांत परत आल्या त्या सुपाचं पातेलं घेऊन. आता मला सांग, माझी शेगडी अजून जोडलेली नव्हती. आठवडाभर मी पाव आणि केळी खाऊन होते. त्या सुपाला मीठ म्हणून नव्हतं, पण ते गरम होतं. आणि मावशी, तू रागावू नकोस, पण त्या नव्या घरात आल्यापासून 'काय होतंय तुला?' असं विचारणारं ते पहिलंच माणूस होतं. मी म्हटलं, उद्या सांगू. उद्या त्या पुन्हा आल्या तेव्हा म्हटलं, परवा सांगू. परवापर्यंत माझा आजार बदलला होता, कारण कॉलेजने अर्धशिशी पाठवली होती. त्यानंतर दमा आला. त्यानंतर पाठीचा मणका. शिट्टीबाई भिंतीला कान लावून हे सगळं ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा दिवसेंदिवस गंभीर होत होता, आणि त्यांच्याकडून ऐकून अख्ख्या इमारतीचाही. शेवटी त्यांनी मला समोर बसवलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, 'पोरी, तुझं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. पण घाबरायचं नाही. सकाळी गच्चीवर ये.'

तेव्हापासून सकाळी गच्चीवर व्यायाम. शिट्टी वाजली की हात वर, शिट्टी वाजली की हात खाली. शिवाय आजारी मुलीला ओझं उचलू द्यायचं नाही म्हणून माझं कपाट त्यांनी स्वतः वर आणवलं. म्हणजे त्या जिन्यात उभ्या राहून शिट्टी वाजवत होत्या आणि दोन हमाल त्या ठेक्यावर पायऱ्या चढत होते. खिडकी न लागणं हे माझ्या छातीला वाईट, म्हणून सुतार आणला. शेगडी जोडणारा तीनदा 'येतो' म्हणून आला नव्हता. त्याला त्यांनी फोनवरच असं काही सुनावलं की तो येताना धावत आला. लिफ्टमध्ये डाव्या कोपऱ्यात उभं राहिलं की ती मध्ये थांबत नाही, हेही त्यांनीच शिकवलं. थोडक्यात, माझं घर लागलं ते माझ्या दुखण्यांच्या जिवावर. जसजशी मी आजारी पडत गेले तसतसं घर सुधारत गेलं. आता खरं सांगायचं म्हणजे त्यांचं सगळं करणं फुकट होतं असं म्हणणं. जीभच रेटेना.

आणि त्याच सुमारास काम आटलं. परीक्षा संपल्या. 'आज नको' हा निरोपही यायचा बंद झाला, कारण नको हे सांगायलाही कुणाला माझी गरज उरली नव्हती. मी कॉलेजात जाऊन आले. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, 'काम छान करतेस, पण पुढच्या परीक्षांपर्यंत माझ्या हातात काही नाही.' परत येताना बसमध्ये मी ठरवून टाकलं की महिनाअखेरीला घर सोडायचं. सोफा आहेच. घरी आले, दोन्ही दारांच्या मधे उभी राहिले, आणि खोकी पुन्हा भरायला काढली. हे तुला कळवायचं नव्हतं, पण आता पुढचं सांगायचं तर मधलं गाळता येत नाही.

त्याच दुपारची गोष्ट. मी रिकामं खोकं हातात घेऊन घराबाहेर आले तर जिन्यात शिट्टीबाई बसलेल्या. शेजारी भाजीची पिशवी, बटाटे दोन पायऱ्या खाली घरंगळलेले. लिफ्टचा मूड नव्हता म्हणून चालत आल्या होत्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, आणि एका हाताने जबडा चोळतायत. 'दात दुखतोय का?' मी विचारलं. 'दात नाही गं, इथून खांद्यामागे कळ जातेय. जरा मळमळतंय. पित्त आहे. बटाटे उचल.'

मावशी, मी हातातलं खोकं तिथेच टाकलं. कारण हे मला तोंडपाठ होतं! शब्द न् शब्द. घाम, जबडा, खांद्यामागची कळ, मळमळ, आणि 'पित्त आहे' हे वाक्यसुद्धा. शेवटच्या परीक्षेला मला हेच दुखणं दिलं होतं. छातीत काही दुखत नाही म्हणून मुलं फसतात, पण असतो तो हृदयविकाराचाच झटका. बायकांना बऱ्याचदा असाच येतो. एका चष्मेवाल्या मुलाने तर 'तिखट कमी खा' असं सांगून मला घरी पाठवलं होतं आणि परीक्षक बाईंनी तिथल्या तिथे त्याचा पाणउतारा केला होता. मी शिट्टीबाईंना म्हटलं, 'आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला.' 'कुणासाठी?' 'तुमच्यासाठी.' त्या भडकल्या. 'आयुष्यात मी एक दिवस रजा घेतलेली नाही, मला काही झालेलं नाही, तू आजारी माणूस, तू जाऊन पड.' मी हात धरला, तो झिडकारला. उठायला गेल्या आणि पुन्हा मट्कन बसल्या, तरी ऐकेनात.

मग मला दुसरं काही सुचलं नाही. जे येत होतं ते केलं. पोट धरलं, जिन्यातच वाकले आणि असं काही विव्हळले, की परीक्षेतसुद्धा कधी विव्हळले नव्हते. 'बाई, मला होतंय. मला न्या. एकटीला पाठवू नका.' आणि काय सांगू! स्वतःची कळ विसरून त्या बाईंनी शिट्टी फुंकली. अख्खा जिना दाराबाहेर आला. 'रुग्णवाहिका!' त्यांनी हुकूम सोडला. रुग्णवाहिकेत त्यांनी मला झोपवलं आणि स्वतः शेजारी बसून माझा हात धरला. त्यांचा तळवा बर्फासारखा गार होता. मी गाडीतल्या मदतनीसाच्या कानात पुटपुटले, 'मी ठीक आहे, त्यांना बघा.' त्याने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि गुपचूप त्यांच्या नाडीवर बोटं ठेवली. मग गाडी जरा जोरात जायला लागली.

आणि दवाखान्याच्या दारात कोण उभा असावा? तोच चष्मेवाला! ती एक चूक सोडून बाकी पास होऊन तिथेच कामाला लागला होता. मला पाहिल्याबरोबर त्याचा चेहरा उतरला. 'आज काय?' त्याने विचारलं. मी ताडकन उठून बसले. 'आज मी नाही, या.' त्याने शिट्टीबाईंकडे पाहिलं. 'जबडा, घाम, मळमळ, खांद्यामागे कळ,' मी सांगितलं. तो कसनुसा हसला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, 'समजलं. न सांगता परीक्षा घेतायत ना? नवीन आहेत वाटतं या. छान करतात हो. घाम कसा आणला?'

मी त्याला 'अहो, खरं आहे!' म्हणून ओरडून सांगितलं. पण मावशी, मी त्याच्यासमोर चार वेगवेगळ्या दुखण्यांनी 'खरं आहे' म्हणून ओरडलेली बाई. माझ्या शब्दाला किंमत ती काय? पण तेवढ्यात काय झालं, की तो कामाला लागला. परीक्षा समजूनच लागला, आणि म्हणून असा लागला की मी जन्मात तसा डॉक्टर पाहिला नाही. हात स्वच्छ धुतले. शिट्टीबाईंच्या डोळ्यांच्या पातळीला येऊन बसला. स्वतःचं नाव सांगितलं, त्यांचं विचारलं. 'घाबरू नका, मी इथेच आहे,' म्हणाला. कोपऱ्यात परीक्षक असेल म्हणून कोपऱ्याकडेही एकदा नम्रपणे पाहिलं (कोपऱ्यात बादली होती). एक प्रश्न गाळला नाही, एक मिनिट वाया घालवलं नाही. लगेच ईसीजी काढायला लावला, गोळी चघळायला दिली. मग यंत्रातून पट्टी बाहेर आली, ती त्याने हातात घेतली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं परीक्षेचं हसू हळूहळू गेलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पण त्याने आवाज चढू दिला नाही. वरच्या डॉक्टरांना बोलावलं, चाकाचा पलंग मागवला, आणि पलंगाबरोबर धावता धावता शिट्टीबाईंना म्हणत होता, 'मी इथेच आहे, बरं का.' त्यांनी विचारलं, 'आणि ती पोर? तिचं पोट?' दार बंद होईपर्यंत त्या माझ्या पोटाची चौकशी करत होत्या. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि पहिल्यांदाच, कुणी न शिकवता, रडले.

वाचल्या. रक्तवाहिनीत जाळी बसवली. आणखी थोडा वेळ जिन्यात बसल्या असत्या तर कठीण होतं, असं वरच्या डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, गळ्यात शिट्टी नव्हती, आणि तेवढ्यानेही कशा कोण जाणे लहान दिसत होत्या. चष्मेवाल्याने त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. मी पलंगाजवळ उभी राहिले, खाली मान घालून.

'अपेंडिक्स?' त्यांनी विचारलं.

'नव्हतं.'

'अर्धशिशी?'

'तीही नव्हती.'

'दमा? मणका?'

'काहीच नव्हतं.' त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, आता भिंतीपलीकडून कधी आवाज यायचा नाही. मग त्या म्हणाल्या, 'सूप कसं होतं?'

आता खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. म्हटलं, 'अळणी.'

'मग सांगायचं नाही का तेव्हाच?' त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. यंत्र टुकटुक करायला लागलं, नर्स धावत आली, आणि मला बाहेर काढण्यात आलं. दाराशी पोचले तर मागून हाक, 'आणि ऐक! तुझं कण्हणं शेवटी शेवटी घाईचं होतं. दुखणाऱ्या माणसाला घाई कशाची? मी घरी आले की बघू.'

हे सगळं विभागप्रमुख बाईंच्या कानावर गेलं (चष्मेवाल्यानेच घातलं, त्याने स्वतःचं झालेलं हसंही लपवलं नाही, हे मला आवडलं). त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, मुलांना आजार ओळखायला आम्ही शिकवतो, पण समोर माणूस आहे हे परीक्षेपुरतंच त्यांच्या लक्षात राहतं. तर परीक्षा असो नसो, आठवड्यातल्या तीन सकाळी तू येत जा. मुलांना पेशंटशी बोलायचा सराव दे आणि नव्या नकली पेशंटांना तयार कर. कायमची नोकरी नाही, पण रोज सकाळी फोनकडे बघत बसायला नको. उरलेल्या दिवसांचं बघू. पंखे अजून विकले जातायतच, कुणालातरी माहितीपत्रक लागेल. खोकी मी पुन्हा सोडली. शिट्टीबाई घरी आल्या आहेत, औषधं वेळेवर घेतात, आणि सूप आता मी करते. मीठ त्यांनाच बंद आहे, त्यामुळे ते अळणी असतं आणि त्याबद्दल त्या रोज मला बोलतात.

असं आहे बघ. घर लागलं आहे, जीव लागला आहे, नोकरी लागता लागता राहिली असं म्हणता येणार नाही, राहता राहता लागली असं म्हण. काकांना नमस्कार. कंबरेला जप. लोभ तुझा आधीपासून आहेच, फक्त आता तो पत्ता बदलून पाठव.

तुझी,
भाची

ता. क. — एक छोटंसं काम होतं. (खरं म्हणजे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.) आईने नोकरीचं विचारलं तेव्हा मी 'मेडिकल कॉलेजात, पेशंटच्या बाजूला' असं सांगितलं होतं. यात एक अक्षर खोटं नाही. पण आईने ते आपल्या पद्धतीने ऐकलं, आणि आता सगळ्या नातेवाइकांत मी डॉक्टर नाही तरी डॉक्टरच्या जवळपास काहीतरी झाले आहे. आईचे ते लांबचे चुलतभाऊ, आपले उंच मामा, गुरुवारी गुडघ्याचे एक्स-रे घेऊन माझ्याकडे यायला निघणार आहेत! तेव्हा मावशी, हात जोडते, हे पत्र मिळताच आईकडे जा आणि तिला खरं काय ते सांग. तुझं ती ऐकते. माझ्याकडून ऐकलं तर आधी रडेल, मग दादाला फोन करेल.

ता. क. २ — पत्र पाकिटात घातलं आणि टाकायचं राहून गेलं. तेवढ्यात गुरुवार आला, मामाही आले. मी दारातच सगळं खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, 'असू दे गं, जिने चढून आलोय, बसू तर दे.' मग बसले आणि बोलायला लागले. मी आमच्या चांगल्या मुलांना शिकवते तशी समोर बसले, मधे बोलले नाही, आणि शेवटी विचारलं, 'मामा, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?' मावशी, गुडघा राहिला बाजूला. मामी गेल्यापासून घरात दिवसभर कुणाशी एक शब्द होत नाही, उद्या पायही राहिले तर बाहेर पडणंही संपेल, असं म्हणाले आणि एक्स-रेचं पाकीट मांडीवरून खाली ठेवलं. शेवटी हाडाच्या डॉक्टरांकडे जायला कबूल झाले. चष्मेवाल्याने एका चांगल्या डॉक्टरांचं नाव सुचवलं आहे, मीच बरोबर जाणार आहे. जाताना म्हणाले, 'आता निम्मं बरं वाटतंय.'

ता. क. ३ — मामांनी हे गावभर सांगितलं आहे. आत्ताच आईचा फोन आला, आवाजात नुसता अभिमान. रविवारी आणखी तिघं जण येतायत. एकाचं पोट, एकाची झोप, आणि एकाला काय होतं ते त्यालाच सांगता येत नाही. तेव्हा आईला सांगायचं सध्या राहू दे. त्यापेक्षा तू शनिवारीच ये, मोतीबिंदूचे कागद घेऊन. तुझा नंबर मी पहिला लावला आहे.